दम लागू द्यायचा, पण मापात

माझी फुफ्फुसं सुधारलेली नाहीत, हे आधीच सांगते. पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर फेकता येणारी हवा, जिला डॉक्टर एफईव्ही-वन म्हणतात, ती माझ्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईच्या मानानं ४८ टक्के आहे. आदल्या वर्षीच्या चाचणीतही आकडा जवळपास हाच होता. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार, मागं फिरत नाही, फार तर त्याचा वेग धरून ठेवता येतो. तरीही या काळात मी पुन्हा गच्चीवर कपडे वाळत घालायला लागले, शेजारी हळदी-कुंकवाला जायला लागले, आणि नातीबरोबर खेळायला लागले. सुरुवात मात्र उलट्या क्रमानं झाली. आधी नातीबरोबरचा खेळ आला, मग बाकीचं.

मी परभणीत राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माहेर सेलू तालुक्यातलं, कापसाच्या पट्ट्यातलं. आमच्याकडं शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटायच्या, मोळ्या बांधून घरामागं रचायच्या, आणि वर्षभर त्यावर स्वयंपाक करायचा. जोडीला तुराट्या आणि गोवऱ्या. पावसाळ्यात पऱ्हाट्या ओलसर झाल्या की जाळ कमी आणि धूर जास्त. चौथी-पाचवीत असल्यापासून फुंकणी माझ्या हातात होती. लग्नानंतर गॅस आला, पण पाणी तापवायची चूल तशीच राहिली. खेड्यात बऱ्याच घरांत अजूनही आहे.

आमच्या घरात विडी-तंबाखू कुणालाच नाही. त्यामुळं चाळिशीनंतर खोकला आणि धाप सुरू झाली तेव्हा कुणी अ‍ॅलर्जी म्हणालं, कुणी दमा म्हणालं, कुणी वयानुसार होतं म्हणालं. इंजेक्शन घ्यायचं, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. तंबाखू खाता का, हे सगळ्यांनी विचारलं. चुलीवर किती वर्षं काढली, हे बरीच वर्षं कुणी विचारलं नाही. शेवटी संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात श्वासचाचणी झाली. नळीत जोरानं फुंकायचं, मग श्वासातून ओढायच्या औषधाचा पंप घेऊन थोड्या वेळानं पुन्हा फुंकायचं. औषध घेतल्यावरही पहिल्या सेकंदाची हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांच्या खालीच राहिली, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसलेल्या. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो चुलीचा. आपल्या देशात धुरानं झालेला सीओपीडी घेऊन जगणाऱ्या बायका खूप आहेत, आणि त्यांतल्या अनेकींना आपल्याला नेमकं काय झालंय हे माहीतच नाही. हे लिहिण्यामागं तेही एक कारण आहे.

या आजारात हवा आत जाते, अडचण होते ती बाहेर निघताना. पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो. मग छातीत जुनी हवा साचत जाते, छाती फुगलेलीच राहते, आणि ताज्या हवेला जागा उरत नाही. घाई केली की साचणं वाढतं. घाबरलं की माणूस घाई करतं. म्हणजे भीती ही नुसती मनातली गोष्ट राहत नाही, ती थेट छातीत जाऊन बसते.

त्या भीतीनं माझ्याकडून काय काय काढून घेतलं, ते सांगायला हवं. शाळेत असतानाच फळ्याच्या वरच्या भागावर लिहिणं सुटलं. हात वर गेला की दम लागायचा. मी खालच्या अर्ध्या फळ्यावर लिहायचे आणि वरचा भाग मुलांकडून लिहून घ्यायचे. मग गच्ची सुटली. मग केस विंचरताना मध्येच बसायला लागायचं. ओट्यापाशी उभं राहून कणीक मळणं सुटलं. आमचे हे रोज सकाळी कृषी विद्यापीठात फिरायला जातात, मी आधी बरोबर जायची, मग फाटकापर्यंत, मग घरीच. फेब्रुवारीतला तुराबुल हक साहेबांचा ऊर्स म्हणजे परभणीकरांचा आनंद, तिथली गर्दी मी किती तरी वर्षं टाळली. आणि माझी माणसं इतकी मायेची, की ग्लास उचलायला वाकले तरी सून म्हणायची, "आई, तुम्ही बसा, मी देते." नात जवळ आली की तिला सांगितलं जायचं, आजीला दम लागतो, आजीला त्रास देऊ नको. कुणाचंच चुकत नव्हतं. पण बसून राहिलं की पायातलं बळ जातं, आणि बळ गेलेल्या पायांना तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते. मग आणखी लवकर दम, मग आणखी बसणं. हे चक्र डॉक्टरांच्या पुस्तकात आहे, मी ते आमच्या दिवाणावर बसून अनुभवलं. या आजारात उदासी आणि धास्ती फार आढळते म्हणतात. मला त्याचं नवल वाटत नाही.

औषधाचा पंप नियमित सुरू झाल्यावर डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. या मॅडमनी माझं पुढचं आयुष्य बदललं, असं मी अगदी मनापासून म्हणते. त्यांनी आधी सहा मिनिटं चालायला लावलं. ३० मीटरची सरळ पट्टी, दोन्ही टोकांना खुणा, सहा मिनिटांत जमेल तेवढं जा-ये करायचं, दम लागला तर थांबायचं पण घड्याळ थांबत नाही. माझं अंतर २६० मीटर आलं. मग त्यांनी ओठांचा चंबू करून श्वास सोडायला शिकवलं: नाकानं घ्यायचा, आणि घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून हळूहळू सोडायचा. मला ते लगेच जमलं, कारण फुंकणीनं निखारा फुलवताना जोर न लावता लांब फुंकर घालावी लागते, ती हीच. ओठ असे आवळले की नळ्या लवकर मिटत नाहीत आणि साचलेली हवा बाहेर निघते.

त्यांनी भिंतीवर लावायला एक पट्टीही दिली. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली, शून्य ते दहा. शून्य म्हणजे दम अजिबात नाही, तीन म्हणजे मध्यम, पाच म्हणजे जोराचा, दहा म्हणजे सहन होईल त्याची कमाल. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्हाला रोज तीन-चारपर्यंत जायचंय. शून्यावर बसून राहायचं नाही आणि पाचाच्या पुढं जायचं नाही." दम लागू द्यायचा, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगत होतं. आजवर प्रत्येकानं तो लागू नये म्हणूनच सांभाळलं होतं.

दवाखान्यात मॅडम समोर असताना हे जमायचं. घरी जमेना. घरचा व्यायाम म्हणजे एकाच जागी पाय उचलणं, खुर्चीवरून उठ-बस करणं, हातात पाण्याची बाटली घेऊन वर-खाली करणं. यात काही वाईट नाही, पण एकटीनं करताना सगळं लक्ष श्वासाकडं जायचं. आत्ता लागला का, आता वाढला का, छातीत शिट्टी वाजली का. तीन यायच्या आधीच मी घाबरून बसायची. मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, लक्ष दुसरीकडं जाईल असं काहीतरी शोधा, भजनं लावा, टीव्ही लावा.

त्या सुमारास माझा भाचा पुण्याहून आला. घर बदलत होता, कॉलेजच्या काळातलं सामान काढत होता. त्यातलं एक्सबॉक्स ३६० हे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र आणि त्याचं काइनेक्ट त्यानं आमच्या नातीसाठी आणलं. काइनेक्ट म्हणजे टीव्हीखाली ठेवायची एक लांबट काळी पट्टी, तिच्यात कॅमेरे. हे २०१० च्या नोव्हेंबरात बाजारात आलं आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आता मिळतं ते जुनंच. "मावशी, हातात काही धरायचं नसतं. समोर उभं ऱ्हायचं, बस्स," तो म्हणाला. माझी बोटं सकाळी आखडतात, त्यामुळं हात मोकळे राहतात हे मला बरं वाटलं.

त्याचं काम कसं चालतं हे मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. पट्टीतून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे असंख्य ठिपके खोलीभर पडतात. दुसरा कॅमेरा त्या ठिपक्यांची रचना कुठं कशी बदलली ते बघतो आणि त्यावरून कोण किती अंतरावर आहे ते काढतो. त्यातून डोकं, खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघे असे शरीराचे वीस सांधे ओळखून पडद्यावरच्या बाहुलीला तसंच हलवतो. सेकंदाला तीस वेळा. एका माणसाला साधारण सहा फूट मागं उभं राहावं लागतं, दोघांना आठ फूट. आमची पुढची खोली दहा बाय बाराची, म्हणून दिवाण मागच्या खोलीत गेला. खिडकी पश्चिमेची. आपल्याकडच्या उन्हात अवरक्त किरण भरपूर, ते थेट आत आले की ठिपके पुसले जातात. म्हणून खिडकीला गोधडी टांगली. साडीच्या निऱ्यांमुळं दोन्ही पाय मिळून एकच आकार होतो, तेव्हा मी सलवार-कुर्ता शिवून घेतला. सतरंजी काढली, कारण ती सरकते आणि पडण्याची भीती असते. मागं भिंतीला टेकवून एक बिनहाताची खुर्ची ठेवली.

खेळायच्या आधी मी मॅडमना विचारलं. त्यांना हा प्रकार नवा नव्हता. निन्टेंडो कंपनीचं वी हे अंग हलवून खेळायचं यंत्र २००६ मध्ये आलं तेव्हापासून फिजिओथेरपीत असे खेळ वापरून बघताहेत, लकवा झालेल्यांसाठी, तोल जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी, सीओपीडीच्या रुग्णांसाठीही. जपानमध्ये २०१० साली वीवरच्या ६८ हालचालींना किती शक्ती लागते ते मोजलं गेलं. दोन तृतीयांश हलक्या निघाल्या, बाकीच्या मध्यम, जोराची एकही नाही. "म्हणजे तुमच्या मापाचंच आहे," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी घरी येऊन एकेक खेळ स्वतः खेळून बघितला आणि मला यादी करून दिली.

पहिला खेळ बोलिंगचा. हात मागं नेऊन खालून चेंडू घरंगळत सोडायचा आणि समोरच्या बाटलीसारख्या दहा पिना पाडायच्या. खांद्याच्या वर हात जात नाही, म्हणून सोपा. इथं मला माझ्या फळ्याचं कोडं उलगडलं. खांद्याचे आणि मानेचे स्नायू आम्हा लोकांना श्वास घ्यायलाही लागतात. छाती फुगून बसलेली असते, छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा सपाट झालेला असतो, तेव्हा हेच स्नायू वरून छाती उचलत असतात. हात वर केला की ते हाताच्या कामाला जातात आणि श्वासाला कमी पडतात. कपडे वाळत घालणं, वेणी घालणं, फडताळातला डबा काढणं, सगळ्याचं कारण एकच. मॅडमनी म्हणूनच खेळ त्या क्रमानं लावले: आधी बोलिंग, मग टेबल टेनिस, ज्यात हात छातीच्या उंचीवर राहतो, आणि खूप नंतर व्हॉलीबॉल, ज्यात दोन्ही हात डोक्यावर जातात. बॉक्सिंगला सुरुवातीला सक्त मनाई. धावण्याच्या शर्यतीला कायमचीच. एक खेळ काचेच्या डब्यात पाण्याखाली असल्याचा आहे, मासे येऊन काचेला भोकं पाडतात आणि आपण ती हातापायांनी बुजवायची. त्यात बाजूला पाऊल टाकावं लागतं, थोडं वाकावं लागतं, मांड्यांना चांगलं काम होतं. तराफ्याच्या खेळात उड्या आहेत. मी उड्या मारत नाही, डावी-उजवीकडं पावलं टाकून तराफा वळवते. गुण कमी पडतात, पडू देत.

नातीबरोबर बोलिंग खेळताना आपोआप एक गोष्ट घडली आणि मॅडमना ती फार आवडली. एकीचा डाव झाला की दुसरीचा. नातीचा डाव चालू असताना मी मागच्या खुर्चीवर बसायची, ओठांचा चंबू करून श्वास सोडायची. "आजी, आता तुझा नंबर," अशी हाक आली की उठायची. थोडं काम, थोडी विश्रांती, पुन्हा काम, असा व्यायाम या आजारात सलग व्यायामापेक्षा सोसायला सोपा जातो. वर खुर्चीवरून उठ-बस झाली ती वेगळीच. घरी एकटीनं जी उठ-बस मी टाळत होते, ती मी हाकेसरशी करत होते.

आणि लक्ष. मी चेंडूकडं बघत होते, दहाव्या पिनकडं बघत होते, नातीच्या चेहऱ्याकडं बघत होते. श्वासाकडं नाही. एकदा डाव संपल्यावर सुनेनं विचारलं, "आई, किती?" मी भिंतीवरच्या पट्टीकडं बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की चार आहे. चारवर मी एरवी घाबरून अंथरुणात असते. इथं मी उभी होते, हसत होते, आणि कोरोनात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर ९२ दिसत होते. दम तोच होता, धास्ती नव्हती. मला या सगळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. दम म्हणजे संकट, हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की दम आणि संकट वेगळं असू शकतं हे मला कुणी सांगून पटलं नसतं. ते अंगानंच शिकावं लागलं, पुन्हा पुन्हा, रोज थोडं थोडं.

नातीच्या बाजूनंही काही बदललं. तिला आजी म्हणजे सांभाळायची वस्तू अशीच माहीत होती. आता मी तिच्या विरुद्ध उभी असते, कधी जिंकते. ती मला सोडत नाही, चिडते, पुन्हा डाव मागते. "आजीला त्रास देऊ नको" हे वाक्य आमच्या घरातून हळूहळू गेलं. आजारी माणसाला औषध सगळे देतात, सेवा सगळे करतात, पण कुणाला तरी आपण बरोबरीचे म्हणून हवे असणं, हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

मोठ्या जाऊबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आल्या होत्या. डोळ्याची पट्टी निघून डॉक्टरांनी हालचालीची मुभा दिल्यावर एका सकाळी त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय करायलीस गं ही? येड लागलं का माय?"

"जाऊबाई, इथं उभ्या ऱ्हावा. हात वर करा."

त्यांनी हात वर केला, पडद्यावरच्या बाहुलीनं केला. त्यांनी मान वळवली, तिनं वळवली. "आगं माय माय, हे तर मीच हाय की!" कासोट्याचं नऊवारी नेसलेल्या त्या, त्यांचे दोन्ही पाय त्या यंत्राला लगेच वेगळे दिसले. त्यांनाही खोकला आहे. त्यांनी तर माझ्याहून जास्त वर्षं चूल केली आहे. त्या दिवशी खेळताना त्यांना जो दम लागला त्यावरून मी त्यांच्या मुलाला श्वासचाचणी करायला सांगितलं, आणि त्यांनाही सीओपीडीच निघाला. त्यांचा आता पंप सुरू आहे, आणि गावी न्हाणीत गॅसची शेगडी बसली आहे.

सगळं सरळ चढत गेलं असं नाही. दसऱ्याच्या आसपास आमच्या वस्तीमागच्या रानात सोयाबीनची मळणी सुरू झाली. मळणीयंत्राचा भुसा दारं-खिडक्या लावल्या तरी घरात येतो. त्या दिवसांत खोकला वाढला, बेडका पिवळा झाला, रात्री बसून काढावी लागली. दवाखान्यात भरती, नेब्युलायझर, स्टेरॉइडच्या गोळ्या, प्रतिजैविकं. घरी आले तेव्हा न्हाणीपर्यंत जाताना थांबावं लागत होतं. महिनोन्महिने कमावलेलं सगळं गेलं असं वाटून मी रडले. मॅडम म्हणाल्या की आजार असा उसळून गेल्यावर लवकर हालचाल सुरू करणाऱ्यांना पुन्हा भरती व्हायची वेळ कमी येते, लांबवू नका. पण ताप असताना, बेडका पिवळा असताना, विश्रांतीतही धाप असताना खेळ बंद म्हणजे बंद. ते थांबल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं आम्ही पुन्हा सुरू केलं. पहिले काही दिवस नात चार फेकी टाकायची, मी एक. नंतर हळूहळू बरोबरी झाली. या वेळी एक फरक होता: परत येता येतं, हे मला माहीत होतं.

उन्हाळा हे आपल्याकडचं वेगळं प्रकरण. पारा ४३-४४ वर जातो तेव्हा दुपारी अंग हलवायचंच नाही. मी सकाळी आठच्या आत उरकते, पाणी जवळ ठेवते. लाईट गेली की यंत्र बंद. त्या दिवशी खुर्चीजवळ उभी राहून गाणी म्हणत जागच्या जागी पाय उचलते. खेळ नाही म्हणून दिवस कोरडा जाऊ द्यायचा नाही, हे मॅडमचं सांगणं.

एका बाबतीत मला फार कळकळीनं सांगायचं आहे. या यंत्राला माझी हालचाल दिसते, माझा श्वास दिसत नाही. मला ऑक्सिजन कमी पडतोय हे त्याला कळणार नाही, ते पुढचा डाव सुरूच करणार, आणि गुण वाढायला लागले की माणसाला थांबावंसं वाटत नाही. म्हणून आमच्याकडं नियम आहेत आणि ते नात पाळते. डॉक्टरांनी सांगितलेला पंप आधी, मग जेवढ्या वेळानं सांगितलं तेवढ्या वेळानं खेळ. जेवणानंतर लगेच नाही. आधी पाच मिनिटं हलकं चालणं, शेवटीही तसंच. ऑक्सिमीटर ८८ च्या खाली गेलं की थांबायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबायचं आणि डॉक्टरांना फोन. ज्यांना हृदयाचाही त्रास आहे, ज्यांचा तोल जातो, साखरेच्या ज्या रुग्णांना इन्सुलिन आहे, त्यांचे नियम आणखी वेगळे असतात. त्यांनी माझे उचलू नयेत, आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मॅडमनी काही महिन्यांनी पुन्हा सहा मिनिटं चालवलं. ३३५ मीटर आले. या आजारात ३० मीटरच्या आसपास फरक पडला तरी माणसाला तो जाणवतो, असं त्या म्हणाल्या. आठ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, शून्य ते चाळीस गुणांची, जितके जास्त तितका आजार आयुष्यावर भारी. त्यात खोकला-बेडका विचारतात, पण झोप कशी लागते आणि घराबाहेर पडायला धीर वाटतो का, हेही विचारतात. माझे २५ होते, १७ झाले. बाहेर पडायच्या धीराच्या प्रश्नाला मी आधी सगळ्यात वाईट उत्तर दिलं होतं. आता तसं देत नाही. श्वासचाचणीचा आकडा मात्र जागचा हलला नाही. औषध सोडायचा विचारही मी करत नाही, कुणी करू नये.

माझ्या मते यात यंत्राचं मोठेपण मर्यादित आहे. २०१७ मध्ये निन्टेंडोचं स्विच आलं, त्यावर २०१९ पासून हातात कडं धरून आणि मांडीला पट्टा बांधून खेळायचा व्यायामाचा खेळ आहे. तो चांगला असेल, पण महाग आहे. माझं वाचून कुणी पैसे घालू नयेत. घरात जुनं काही पडलं असेल तर काढा, नसेल तर टाळ्यांचा खेळ, फुगा उडवत ठेवणं, गाण्यावर पावलं टाकणं, यातूनही तेच साधतं. समोर कुणीतरी हवं, आणि आपला नंबर यायला हवा. एकटीनं खेळलेले दिवस माझेही फिके गेले आहेत.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. त्यांनी आयुष्यभर भट्टीवर खानावळीचा स्वयंपाक केला. त्यांना हे कळल्यावर त्या खेळायला आल्या. मी त्यांना आधी श्वासचाचणी करून यायला सांगितलं. त्या थोड्या नाराज झाल्या, पण करून आल्या, फाइल घेऊन. मॅडमनी त्यांना चालायला लावलं, पंप कसा ओढायचा ते पुन्हा शिकवलं, कारण त्या औषध तोंडातच ठेवत होत्या. सध्या त्यांना फक्त बोलिंग आणि चालणं. त्या मला रोज विचारतात, बॉक्सिंग कधी. मी सांगितलंय, पुढच्या चालण्याच्या चाचणीत काय येतं ते बघू. तोवर त्या साडेसातला येतात, आधी खुर्चीवर बसतात, बोट ऑक्सिमीटरमध्ये घालतात, आकडा मला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मग उठतात.